पांढरीवरचे घर आणि गावाचे आरोग्य

मराठी मुलखातील खेडे परंपरेने दोन नावांनी ओळखले जाते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीने पोसावे आणि पांढरीने सांभाळावे, अशी ही जुनी वाटणी आहे. गेल्या अर्धशतकात काळीविषयी पुष्कळ बोलले गेले. बियाणे, खते, पाणी, हमीभाव, कर्जमाफी हे विषय विधिमंडळापासून चावडीपर्यंत गाजले. पांढरीच्या वाट्याला असा विचार क्वचितच आला. गावातली माणसे कोणत्या छपराखाली झोपतात, कोणती हवा घेतात, सांडपाणी कोठे जाते, या प्रश्नांची बोळवण 'घरकुल' या एका शब्दावर होते. आणि घरकुलाचा विचार बहुधा उद्दिष्टाच्या आकड्यापाशी सुरू होऊन पूर्ततेच्या आकड्यापाशी संपतो.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्यास बरेच काही शिकवू शकेल. उत्तर चालुक्य आणि यादव काळातील मंदिरांचे अवशेष, नक्षीकामाने नटलेला उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव यांसाठी हे गाव अभ्यासकांना परिचित आहे. ज्या कारागिरांनी हा दगड घडविला, त्यांची घरे मात्र आज कोठे दिसत नाहीत. देवासाठी दगड आणि माणसासाठी माती, असाच त्या काळाचा रिवाज होता. मातीची घरे पडली, त्याच मातीवर नवी उभी राहिली आणि पिढ्यान्पिढ्यांच्या या उलाढालीतून गावोगावच्या पांढरीची उंची वाढत गेली. बारव पाहिली की वस्ती वसविणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी केला होता, हे ध्यानात येते. वस्ती, पाणी आणि निवारा यांचा एकत्र विचार करण्याची ही सवय पुढे कोठे हरवली, हा खरा प्रश्न आहे.

माळवदाचे गुणदोष

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड लेप. घराचे माप खणांत सांगितले जाई. दोन खणांचे घर गरिबाचे, आठ-दहा खणांचे घर सुखवस्तूचे. समोर ओसरी, आत माजघर, धान्याला बळद, भिंतीत देवळ्या, मागे परस. वैशाखात बाहेर आग पाखडत असताना आत शिरणाऱ्या माणसाला गारवा लाभे, कारण जाड माती दिवसाची उष्णता आत पोहोचूच देत नसे. माती गावची, लाकूड बांधावरचे, मजुरी शेजाऱ्यांची. बाजारातून आणावे लागे ते थोडे.

परंतु या घराचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. माजघरात उजेड नसे, वारा नसे; चुलीचा धूर तेथेच कोंडे. भिंतींच्या सांदीत उंदीर, विंचू आणि साप यांना आश्रय मिळे. गळती थांबविण्यासाठी छपरावर नवी माती पसरली जाई. जुनी काढली जातेच असे नाही, त्यामुळे छपराचे ओझे वाढत राही. दगडी भिंती मातीच्या चिखलात रचलेल्या असत आणि आतला-बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा या दोषांची किंमत मोजावी लागली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य आपल्याच घराच्या दगडमातीखाली दबून गेली.

त्यानंतर जे पुनर्वसन झाले, ते मराठवाड्यातील घरबांधणीच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रयोग होय. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे पक्की होती, हे निर्विवाद. पण सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकमेकांपासून दूर पडलेली घरे आणि शेतापासून वाढलेले अंतर यांमुळे अनेक ठिकाणी गावाचे गावपण हरपल्याची तक्रार पुढे आली. जनावरे कोठे बांधावीत, कडबा कोठे रचावा, सरपण कोठे ठेवावे, या प्रश्नांना नकाशात उत्तर नव्हते. दुसरीकडे, कमी गाजलेला पण अधिक बोधप्रद असा भाग दुरुस्तीचा होता. भिंतींत आरपार दगड बसविणे, छपराची माती कमी करणे, भिंतींना वरून काँक्रीटचा पट्टा बांधणे अशा साध्या उपायांनी जुने घर पाडल्याविना अधिक सुरक्षित करता येते, हे तेथे शिकविले गेले. दुर्दैवाने लोकांच्या मनात उरली ती शिकवण नव्हे, तर मातीची भीती. ती निराधार नव्हती. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले, तेव्हा ती पुन्हा जागी झाली.

पत्र्याखालचा वैशाख

भीतीपोटी माळवद गेले आणि त्याच्या जागी आला पत्रा. पत्रा हलका आहे, लवकर बसतो, पडला तरी माणूस सहसा दगावत नाही. पण परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, तेथे पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते. ज्याची ऐपत थोडी अधिक, तो सिमेंटचा स्लॅब टाकतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आत सोडत राहतो. म्हणून संध्याकाळ झाली की माणसे अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला अंथरूण टाकतात.

उन्हाळ्याचा हा त्रास आजवर 'चालायचेच' म्हणून सोडून दिला गेला. वैद्यकशास्त्र मात्र तसे मानत नाही. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही, तर हृदयावर आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि दिवसभर उन्हात राबणारे मजूर यांना त्याचा फटका प्रथम बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत घरातील गर्दी, अपघात आणि थंडी यांच्याबरोबर घरातील अतिउष्णतेचाही समावेश आहे. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसंबंधी स्वतंत्र धोरणच स्वीकारले. चुन्याच्या निवळीचा हात छपरावर फिरविणे हा उपाय मराठवाड्यातील माणसाला नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की त्याची गणना आता आरोग्याच्या उपायांत होऊ लागली आहे.

आकड्यातले घर

गरिबांना घर देण्याची राष्ट्रीय योजना १९८५ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या रूपाने आली. २०१६ मध्ये तिची पुनर्रचना होऊन प्रधानमंत्री आवास योजना अस्तित्वात आली. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटरवर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांवर नेण्यात आले. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. मूळ रचनेत त्याला रोजगार हमीतील सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये यांची जोड होती. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी रमाई आणि आदिवासींसाठी शबरी आवास योजना स्वतंत्रपणे चालतात. रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जाते, बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे नोंदली जातात, त्यामुळे पूर्वीचा कागदी घरांचा प्रकार पुष्कळ आटोक्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशभरात आणखी दोन कोटी घरांना मान्यता दिली. या सर्वांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण या आकड्यांचा थोडा भागाकार करून पाहिला पाहिजे. १ लाख २० हजारांना २६९ ने भागले तर चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये पडतात. या रकमेत विटा, सिमेंट, लोखंड, वाळू, वाहतूक आणि गवंड्याची मजुरी बसविणे आजच्या बाजारभावात जवळजवळ अशक्य आहे. उरलेली रक्कम कोठून येते? सावकाराकडून, बचत गटाकडून, किंवा ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेल्या उचलीतून. ज्याला घर मिळाले, तो त्या घरासाठी घेतलेली उचल फेडण्यासाठी दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर पडतो आणि कारखान्याच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने काढतो. नवे घर तेवढा काळ कुलूपबंद असते. घर देणाऱ्या योजनेमुळेच माणसाला घराबाहेर राहावे लागावे, यातला विरोधाभास एखाद्या नाटककारालाही सुचला नसता.

दुसरी अडचण आकारमानाची. २६९ चौरस फुटांचा नकाशा आखताना त्या घरात फक्त माणसे राहतील असे गृहीत धरलेले असते. परभणीकडच्या शेतकऱ्याच्या घरात माणसांबरोबर कापूसही राहतो. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस घरातच साठवून ठेवावा लागतो. तोच उशाला, तोच पायथ्याशी. महिना-दोन महिन्यांनी त्या ढिगाजवळ झोपणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते, तान्ही मुले रात्रभर रडतात. ठिणगी पडली तर काय होईल, याची धास्ती वेगळी. त्याच खोलीच्या कोपऱ्यात कीटकनाशकाचा डबा, सोयाबीनची पोती, थंडीत आत घेतलेली शेळी. जुन्या घराला बळद होते, परस होते, गोठा होता. नव्या घरकुलाला चार भिंती आहेत, पण शेतकऱ्याच्या संसाराला लागणारी पाचवी जागा नाही. म्हणजे कापसाचा भाव आणि लेकराच्या अंगावरचे पुरळ यांचा संबंध घराच्या नकाशातून जातो.

रोगाचे मूळ घरात

घर आणि रोग यांचे नाते महाराष्ट्राला नव्याने कळलेले नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा अंधाऱ्या, दाट, ओलसर वस्त्यांकडे सरकारचे लक्ष वेधले गेले आणि १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. सुमारे दोनशे इमारती आणि सोळा हजार खोल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. घर हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे हे तत्त्व अशा रीतीने सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. मात्र ते शहरापुरते. खेड्यात रोगराई आली तर ती नशिबाची, अशी समजूत राज्यकर्त्यांची होती आणि काही अंशी लोकांचीही.

प्रत्यक्षात घरातील एकेक घटक आरोग्याचे काय करू शकतो, याचे पुरावे आज हाताशी आहेत. मेक्सिकोतील कोआविला प्रांताने २००० मध्ये गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घालून देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या घरांची सगळी जमीन पक्की झाली तेथील लहान मुलांत जंतांचे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांनी, अतिसाराचे ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षयाचे ८१ टक्क्यांनी घटले. आयांच्या मनावरचा ताणही कमी झाल्याचे आढळले. शेणाने सारवलेल्या भुईचे सौंदर्य कोणी नाकारीत नाही. पण रांगणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पक्की, पुसता येणारी जमीन हे औषध आहे.

चुलीच्या धुराचेही तसेच. घरातील धुराने जगात वर्षाकाठी सुमारे तीस लाख माणसे अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी पोहोचली, परंतु टाकी भरण्याचे पैसे नसले की कापसाच्या पऱ्हाट्या पुन्हा पेटतात. हे चालूच राहणार असेल, तर स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या आणि धुराडे देणे, हा नकाशातला अल्प खर्च फुप्फुसांच्या दृष्टीने मोठा आहे. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री चावणारा मण्यार हादेखील घराच्या रचनेचाच प्रश्न आहे. उंच जोते, बिळे नसलेली भिंत, दाराला घट्ट बसणारा उंबरठा यांनी जे साधते, ते चावल्यानंतरच्या धावपळीने नेहमीच साधत नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत तर फार दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे संपविली आणि डासांचा उपद्रव जवळपास नाहीसा केला. हा प्रयोग पुढे जिल्हाभर 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. खड्डा, वाळू, दगडगोटे आणि सिमेंटची एक टाकी एवढेच त्याचे साहित्य. घरकुल मंजूर करताना शौचालयाची अट असते, पण न्हाणीच्या पाण्याची वाट कोणी विचारीत नाही. ते पाणी रस्त्यावर येते, डबके होते, आणि डबक्यातून हिवताप घरात परततो. डेंग्यूचा डास तर साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असेल, तर माणूस पिंप भरून ठेवणारच. तेव्हा पाणीपुरवठा, साठवण आणि घर यांचा विचार तीन खात्यांत तीन वेगवेगळ्या टेबलांवर होत राहिला, तर रोगास तिन्ही दारे मोकळी राहतील.

जागा कोणाची?

या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न जागेचा आहे. घरकुलाच्या यादीत नाव आले, पण घर बांधण्यास स्वतःची जागा नाही, अशी कुटुंबे गावोगाव आहेत. त्यांत दलित, भटके आणि भूमिहीन मजूर अधिक आहेत. गावठाणाची हद्द जुनी. कुटुंबे वाढली, हद्द वाढली नाही. अशा माणसाने मग गायरानाच्या कडेला झोपडी घातली. मराठवाड्यात गायरान जमिनीचा लढा दीर्घ आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून त्याची परंपरा सांगता येते. पण कसण्याचा आणि राहण्याचा हक्क कागदावर येण्यास पिढ्या लागतात. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कठोर भूमिका घेतली, तरी भूमिहीनांना रीतसर दिलेल्या जागांचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्र सरकारने बेघरांना ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्याची योजना काढली. प्रारंभी तिची मर्यादा ५० हजार रुपये होती, ती पुढे वाढविली गेली. तरीही विकत मिळते ती जागा बहुधा गावाबाहेरची, सखल आणि काळीतली असते. येथे जुन्या शहाणपणाची आठवण होते. पूर्वजांनी घरे काळीत बांधली नाहीत, याला कारण होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तडे जातात. मुरमापर्यंत पाया नेणे, किंवा रुडकी येथील केंद्रीय संशोधन संस्थेने सुचविलेले, तळाशी रुंद होत जाणारे खांब घालणे, हे उपाय आहेत. पण ते खर्चाचे आहेत आणि ४४६ रुपयांच्या हिशेबात ते बसत नाहीत. अर्थात ज्याला पांढरीवर जागा नाही, त्याच्या वाट्याला तडा गेलेले घर येते. जातीने आणि दारिद्र्याने गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस योजनेच्या लाभानंतरही गावकुसाबाहेर, आणि तेही वाईट जमिनीवर राहतो.

जागा, पाणी आणि रस्ता यांचा विचार एकत्र केला तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण सोलापूरजवळच्या कुंभारी येथे आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि असंघटित मजूर यांनी सहकारी संस्थांच्या मार्गाने तेथे ३० हजार घरांची रे नगर वसाहत उभारण्यास घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिली १५ हजार घरे हाती दिली गेली. शहरापासूनचे अंतर, रोजगाराची ने-आण असे तेथील प्रश्न संपलेले नाहीत. परंतु गरीब माणूस संघटित झाला तर तो लाभार्थी न राहता नियोजनात वाटेकरी होतो, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

वाळू, वीट आणि माती

घरे बांधली जातात ती निसर्गातील द्रव्य घेऊनच. परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा आणि दुधना वाहतात, आणि या तिन्ही नद्यांच्या पात्रांतील वाळूवर बांधकामांची भिस्त आहे. वाळू म्हणजे नदीचे पाणी जमिनीत मुरविणारी गाळणी. ती ओरबाडली की काठावरच्या विहिरी आटतात. राज्य सरकारने २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे ठरविले. गरिबाला हा मोठाच आधार आहे. पण स्वस्त वाळू हा प्रश्नाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा असा, की प्रत्येक घराला एवढी वाळू लागावीच का? वीटभट्टी सुपीक मातीचा वरचा थर खाते आणि धूर सोडते. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. तापत्या हवामानापासून संरक्षण देणारे घर बांधताना तेच हवामान आणखी तापविणे शहाणपणाचे नाही.

या बाबतीत भारतीय संशोधन हात जोडून बसलेले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी सुरू झालेल्या 'अस्त्र' केंद्राने दाबयंत्रातून काढलेल्या, थोडे सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा विकसित केल्या. त्या भाजाव्या लागत नाहीत. केरळात लॉरी बेकर यांनी विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडणाऱ्या भिंती बांधल्या. अशा भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडविते. केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयानेही 'पहल' या नावाने निरनिराळ्या राज्यांतील हवामान, माती आणि कारागिरी यांना अनुसरून घरांच्या नमुन्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे. नमुने आहेत, शास्त्र आहे. ते गावच्या गवंड्याच्या हाती पोहोचलेले नाही, ही खरी उणीव.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. गरिबांनाच मातीचे घर का सांगता? शहरातला मध्यमवर्ग स्लॅबखाली राहतो, अधिकारी वातानुकूलित खोलीत बसतात, आणि उपदेश मात्र झोपडीतल्या माणसाला! आक्षेपात तथ्य आहे. पक्के घर ही केवळ सोय नव्हे, ती प्रतिष्ठा आहे. ज्यांना पिढ्यान्पिढ्या कच्च्यात ठेवले गेले, त्यांना पक्क्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच मातीकडे परत चला, असे सांगणे अन्यायाचे होईल. सांगायचे ते वेगळे आहे. पक्केपणा सिमेंटच्या पोत्यांवर मोजू नये. भूकंपात टिकणे, उन्हात गार राहणे, पावसात न गळणे आणि कर्जाविना उभे राहणे या कसोट्यांवर मोजावा. या कसोट्या सर्वांनाच लावाव्यात आणि सुरुवात गरिबाच्या झोपडीपासून न करता ग्रामपंचायत, शाळा आणि तलाठी कार्यालय यांच्या इमारतींपासून करावी. शासनाने स्वतः ज्या भिंतीत बसण्याचे धैर्य दाखविले, ती भिंत लोकही स्वीकारतील.

गावाचा आराखडा

मग चारठाण्यासारख्या गावाने काय करावे? प्रथम, घरकुलांची यादी आणि गावाचा नकाशा एकत्र ठेवावा. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होत आहे. तिचा उपयोग केवळ मिळकत पत्रिका देण्यापुरता न करता मोकळ्या, पडक्या आणि उंचावरील जागा शोधण्यासाठी करावा. पांढरीवरील ओसाड वाडे पडून राहावेत आणि भूमिहीनाने काळीत घर बांधावे, हे कोणत्याच न्यायात बसत नाही. दुसरे, दहा-वीस घरांच्या गटाला मिळून न्हाण्यांचे शोषखड्डे, एक सामायिक कापूस-कोठार आणि गुरांसाठी पडवी असावी. तिसरे, छपराचे पाणी साठविण्याची सोय हवी. २५ चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर वीस हजार लिटर पाणी पडते. त्याचा निम्मा भाग हाती लागला तरी बायकांच्या डोक्यावरच्या कितीतरी घागरी कमी होतील. चौथे, दर घरापाठीमागे पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला कडुनिंबाचे झाड लावावे. हा पर्यावरणाचा उपाय फुकटात होणारा आहे.

चारठाण्याबाबत आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. जेथे प्राचीन अवशेष वस्तीच्या अंगाखांद्यावर आहेत, तेथे पाया खणताना काय निघेल हे सांगता येत नाही. वारसा जपायचा म्हणून गरिबाचे घर अडवावे, किंवा घर हवे म्हणून शिल्प मातीत गाडावे, असे दोनच पर्याय नाहीत. आराखडा आधी झाला तर कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये, हे भांडणाविना ठरते. गेल्या काही वर्षांत राज्यभर ठिकठिकाणी लोकांनी श्रमदानाने बारवा उपसल्या. त्यातून दिसले ते हेच, की जुने ते जपण्याची इच्छा लोकांत आहे. तिला व्यवस्थेची जोड हवी.

या कामात शाळेचा शिक्षक, ग्रामपंचायतीतील कारकून आणि महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी यांची भूमिका साधी नाही. यादीतले नाव का गळले, जागेचा उतारा कोठे मिळेल, नकाशात खिडकी कोणत्या दिशेला असावी, हे प्रश्न घेऊन माणसे प्रथम यांच्याकडेच येतात. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील पत्र्याच्या, स्लॅबच्या आणि माळवदाच्या घरांत एका मे महिन्यात दुपारचे आणि मध्यरात्रीचे तापमान टिपून ग्रामसभेपुढे ठेवले, तर तो कोणत्याही अहवालाइतका मोलाचा दस्तऐवज होईल. ग्रामविकास आराखड्यात निवाऱ्याचे पान रिकामे राहते, कारण ते भरावे असे कोणी म्हणत नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाताला काम मागण्याचा हक्क मान्य केला, १९७७ मध्ये त्याचा कायदा केला, आणि पुढे देशाने त्यावरून धडा घेतला. तेव्हाही पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न विचारला गेला होता. शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून त्याचे उत्तर शोधण्यात आले. आज तोच निर्धार निवाऱ्याच्या बाबतीत दाखविण्याची वेळ आहे. किती घरकुले पूर्ण झाली, या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न दर वर्षी विचारले गेले पाहिजेत : त्या घरात मे महिन्यात झोप लागते काय, त्या घरातले मूल गेल्या पावसाळ्यात किती वेळा आजारी पडले, आणि ते घर बांधणाऱ्याच्या डोक्यावर आज किती कर्ज आहे? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक येतील तेव्हाच घरकुल पूर्ण झाले, असे नोंदवावे.